डॉ. होमी भाभा : एक जागरूक शास्त्रज्ञ

मृगाचा पहिला पाऊस आमच्या बीदर-कलबुर्गीच्या काळ्या रानावर कोसळतो, तेव्हा त्या थेंबांबरोबर आकाशातून आणखीही काही उतरत असते, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्या आघातातून ट्रिशियम नावाचा हायड्रोजनचा एक जड व किरणोत्सारी भाऊबंद जन्मास येतो. प्राणवायूशी संयोग पावून त्याचे पाणी होते आणि ते पावसातून भूमीवर येते. त्याचे प्रमाण इतके अत्यल्प असते की, त्यापासून भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु हेच ट्रिशियम जड पाण्याच्या अणुभट्टीत पुष्कळ अधिक प्रमाणात निर्माण होते व तेथे त्यावर अहोरात्र नजर ठेवावी लागते. विश्वकिरणांच्या अभ्यासाने कीर्ती मिळविणारे आणि भारतात अणुयुगाचा पाया घालणारे डॉ. होमी भाभा यांचे चरित्र आम्ही या दृष्टीने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. वडील बॅरिस्टर होते. आत्या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरी ग्रंथांचा व उत्तम संगीताचा सहवास लाभल्यामुळे चित्रकला व संगीत यांची गोडी त्यांना बालपणीच लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली. मुलाने अभियंता होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात नाव काढावे, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. म्हणून १९२७ साली त्यांना केंब्रिजला धाडण्यात आले. तेथे त्यांचे मन गणित व पदार्थविज्ञान यांकडे ओढ घेऊ लागले. अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळविल्यास आवडीच्या विषयास मोकळीक मिळेल, असे वडिलांनी मान्य केले. १९३० साली होमींनी पहिला वर्ग मिळविला आणि वडिलांनीही आपला शब्द पाळला.

पुढे १९३४ साली केंब्रिजच्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफोर्ड, ऑलिफंट व हार्टेक यांनी ट्रिशियमचा शोध लावला. त्या काळात तरुण भाभा केंब्रिजमध्येच संशोधनात गढलेले होते. याच ट्रिशियमची आपल्या देशात एके दिवशी रोज मोजदाद करावी लागेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नीही आले नसेल.

१९३७ साली हाइटलर यांच्या सहकार्याने त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध पेटले व परतीचा मार्ग खुंटला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर रामन यांच्या सान्निध्यात त्यांनी संशोधन चालू ठेवले. १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्व दिले. परदेशी मानाचे स्थान मिळण्याजोगे असतानाही त्यांनी येथेच राहण्याचा निश्चय केला. त्यांच्या प्रयत्नाने १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. १९४८ साली ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९५४ मध्ये ट्रॉम्बे, म्हणजे मुंबईजवळचे तुर्भे, येथे अणुसंशोधनाचे केंद्र उभे राहिले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. आमचे जिल्हे त्या वेळी हैदराबाद राज्यात होते. पुढे तीन महिन्यांच्या आतच ते म्हैसूर राज्यात आले.

यानंतर कॅनडाच्या साहाय्याने सायरस ही जड पाण्याची अणुभट्टी बांधण्यात आली. ती जुलै १९६० मध्ये सुरू झाली; तथापि तत्पूर्वीच, फेब्रुवारी महिन्यात, भाभांनी एक आज्ञापत्रक काढले होते. किरणोत्सारी द्रव्ये अशा रीतीने हाताळावीत की, केंद्रातील कामगारांना वा अन्य कोणासही इजा पोहोचू नये. आणि ही हाताळणी इतकी आदर्श असावी की, देशातील इतर संस्थांना तिचा कित्ता गिरविण्यास सांगता यावे, असा त्याचा आशय होता. आमच्या मते भाभांचे खरे मोठेपण येथे दिसते. भट्टीचा अग्नी चेतविण्यापूर्वीच त्यांनी राखणदार नेमला.

हा राखणदार किती आवश्यक होता, हे ट्रिशियमच्या स्वभावावरून कळते. साध्या युरेनियमवर चालणाऱ्या अशा भट्टीत जड पाणी वापरतात. त्यातील जड हायड्रोजनने एक न्यूट्रॉन गिळला की, त्याचे ट्रिशियम होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षांचे आहे. त्याचे किरण इतके दुर्बळ असतात की, ते कातडीतूनही पार जात नाहीत आणि नेहमीच्या गायगर गणकालाही सापडत नाहीत. पण जड पाण्याची वाफ कोठे झिरपली, तर ते दमट हवेबरोबर श्वासातून व त्वचेतून शरीरात शिरते आणि रक्तमांसातील पाण्यात मिसळून जाते. न रंग, न वास, न चव!

म्हणून अणुकेंद्रात पंपाच्या साहाय्याने ठराविक हवा ओढून ती पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने सोडतात, किंवा तिच्यातील बाष्प थंड करून गोठवितात. त्या पाण्यात प्रकाशमान होणारे एक विशिष्ट द्रावण मिसळले की, ट्रिशियमच्या प्रत्येक विघटनागणिक सूक्ष्म चमक उठते व यंत्र ती मोजते. धुराड्यातून बाहेर पडणारी हवाही अशीच तपासतात. कामगारांच्या लघवीची नियमित तपासणी होते. शरीरात शिरलेल्या ट्रिशियमपैकी निम्मे सुमारे दहा दिवसांत बाहेर पडते. भरपूर पाणी प्यावयास दिल्यास ते अधिक लवकर जाते.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखराजवळ विमान कोसळून भाभांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी तुर्भ्याच्या केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांनी आखलेल्या जड पाण्याच्या मार्गावरच आमच्या कर्नाटकात, कारवारजवळ काळी नदीच्या काठी, कैगा येथील चार भट्ट्या उभ्या आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथे पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिशियमयुक्त जड पाणी मिसळले गेले. नेहमीच्या लघवी-तपासणीत काही कामगारांच्या शरीरात ट्रिशियमचे प्रमाण वाढलेले दिसले, म्हणून तो प्रकार उघडकीस आला. जेथे माणसे आहेत तेथे प्रमाद घडतात. पण तो नियमित मोजणीचा परिपाठ नसता, तर त्या कामगारांना आपल्या पोटात काय गेले हे कळलेही नसते.

पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यातील आणि आज यादगीर जिल्ह्यात मोडणाऱ्या गोगी गावाजवळ भीमेच्या खोऱ्यात युरेनियमचा साठा आढळलेला आहे. तेव्हा अणुविद्या आपल्या शिवारापासून फार दूर राहिलेली नाही. आमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी कामगार होईल, तर कोणी त्या गावचा शेतकरीच राहील. ज्याच्या हाती यंत्र असेल त्याने प्रामाणिकपणे मोजावे, आणि ज्याच्या घरची हवा व विहिरीचे पाणी मोजले जाईल त्याने निर्भयपणे आकडा विचारावा. डॉ. भाभांच्या स्मृतीस याहून उचित वंदन आम्हांस दिसत नाही.