राजाच्या दारी धुराची फिर्याद

इ. स. 1661 हे साल आपण मुंबईकर-महाराष्ट्रीय एका लग्नामुळे लक्षात ठेवतो. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार त्या वर्षी झाला आणि मुंबईचे बेट आंदण म्हणून इंग्रजांच्या पदरात पडले. त्याच वर्षी त्याच राजाच्या हाती एका बागवेड्या गृहस्थाने एक छोटेखानी पुस्तक ठेवले. लंडनच्या हवेतला धूर माणसांचे आयुष्य कमी करतो आहे, आणि हे थांबवणे राजाचे काम आहे, असे त्यात निक्षून सांगितले होते. पुस्तकाचे नाव ‘फ्युमिफ्युजियम’ आणि गृहस्थाचे नाव जॉन एव्हलिन.

इंग्रजी वाङ्मयाचे विद्यार्थी एव्हलिनला ओळखतात ते रोजनिशीकार म्हणून. सॅम्युअल पीप्स हा त्याचा मित्र, आणि त्याचीही रोजनिशी प्रसिद्ध. पीप्सची अधिक खमंग, एव्हलिनची अधिक सभ्य. म्हणून पीप्सला वाचक जास्त मिळाले. पण मला या दोघांत एव्हलिन अधिक जवळचा वाटतो, कारण त्याने आयुष्यभर सरकारदरबारी शहाण्या सूचना केल्या आणि त्यातल्या बहुतेक फायलीतच राहिल्या.

एव्हलिनचा जन्म 31 ऑक्टोबर 1620 रोजी सरे परगण्यातल्या वॉटन या गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी नव्हे, चांगलेच श्रीमंत. ही श्रीमंती आजोबांची, आणि ती बंदुकीच्या दारूच्या कारखान्यांतून आलेली. पुढे धुराविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या माणसाचे घर दारूच्या पैशावर उभे राहिलेले असावे, ही नियतीची गंमतच म्हणायची. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचे यादवी युद्ध पेटले तेव्हा एव्हलिन युरोपच्या प्रवासाला निघून गेला. इटलीतल्या पाडुआ येथे त्याने शरीरशास्त्राची व्याख्याने ऐकली आणि तिथून एक विलक्षण वस्तू घरी आणली. मानवी शरीरातल्या शिरा, धमन्या आणि मज्जातंतू सोडवून लाकडी फळ्यांवर चिकटवलेले तक्ते! त्यातल्या एकावर फुप्फुस आणि यकृत यांच्याशी निगडित वाहिन्या होत्या. श्वास आत गेल्यावर तो कोणत्या नाजूक जाळ्यात शिरतो, हे या माणसाने डोळ्यांनी पाहिले होते.

1647 साली पॅरिसमध्ये त्याचे लग्न झाले. 1652 मध्ये मायदेशी परतून लंडनजवळ डेटफर्ड येथे ‘सेज कोर्ट’ या घरात तो राहू लागला आणि तिथे त्याने अशी बाग फुलवली की लोक लांबून पाहायला येत. संसारात मात्र फार दुःख वाट्याला आले. आठ अपत्यांपैकी आईबापांच्या मागे उरली ती एकच मुलगी. अतिशय हुशार असलेला मुलगा रिचर्ड 1658 च्या जानेवारीत पाच वर्षांचा होऊन तापाने गेला. पुढे दोन मुली एकाच वर्षी देवीने दगावल्या. या मृत्यूंचे खापर धुरावर फोडता येणार नाही, आणि एव्हलिननेही ते फोडले नाही. पण ज्याच्या घरातून इतक्या लहान शवपेट्या बाहेर पडल्या, तो माणूस शहरातल्या मृत्यूंकडे नुसता आकडा म्हणून पाहू शकत नव्हता, एवढे नक्की.

त्या वेळचे लंडन दगडी कोळशावर जगत होते. लाकूड महागलेले. न्यूकॅसलहून जहाजांतून कोळसा येई, म्हणून त्याला समुद्री कोळसा म्हणत. तो गंधकाने भरलेला आणि काजळी धरणारा. बिअरच्या भट्ट्या, रंगारी, चुना भाजणारे, मीठ आणि साबण कढवणारे, सारे भर वस्तीत हाच कोळसा जाळत. एकदा राजवाड्याजवळच्या एकदोन धुराड्यांतून आलेला धूर दालनांत असा कोंदला की माणसाला माणूस दिसेना. एव्हलिनने तेव्हा पुस्तक लिहायला घेतले.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात दुखण्याचे वर्णन. चांदीची भांडी काळवंडतात, चित्रे आणि पडदे पिवळे पडतात, बागेतल्या मधमाश्या मरतात, देवळात प्रवचनापेक्षा खोकल्याचा आवाज मोठा असतो. लंडनमध्ये मरणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे क्षय आणि छातीच्या विकारांनी जातात, असा त्याचा दावा होता. आजच्या कसोटीला तो आकडा कदाचित उतरणार नाही. पण एक पुरावा त्याने असा दिला आहे की आजच्या शास्त्रज्ञानेही दाद द्यावी. यादवी युद्धात न्यूकॅसलला वेढा पडला आणि लंडनचा कोळसा आटला. पुष्कळ भट्ट्या थंडावल्या. त्या वर्षी शहराच्या ऐन मध्यावरच्या बागांना इतकी फळे लागली, की तशी ना आधी लागली होती ना नंतर. धूर थांबवला तर काय होईल, हा प्रयोग युद्धाने आपोआप करून दाखवला होता, आणि तो ओळखायला माळ्याचीच नजर हवी होती.

दुसऱ्या भागात उपाय होता. हे सारे धंदे थेम्सच्या खालच्या अंगाला, शहरापासून पाचसहा मैल दूर न्यावेत. तिसऱ्या भागात शहराभोवती जाई, रोझमेरी, लॅव्हेंडर यांसारख्या सुवासिक झाडाझुडपांचे पट्टे लावण्याची योजना होती. राजा खूश झाला. कायद्याचा मसुदा तयार करा म्हणाला. 1662 च्या जानेवारीत मसुदा झालाही. पुढे काही झाले नाही.

का झाले नाही? मी बँकेत असताना कर्जाचे प्रस्ताव वाचणे हे माझे रोजचे काम होते. त्या सवयीने हे पुस्तक वाचले की उत्तर सापडते. गरज पटवून दिली आहे, फायदे सांगितले आहेत, पण खर्च कोणाच्या नावावर टाकायचा तो रकाना मोकळा आहे. भट्टीवाल्याचा नफा त्याच्या वहीत लागलीच जमा होतो. धुराचे नुकसान मात्र लाखभर छात्यांत चिमूट चिमूट वाटले जाते, आणि ते कोणाच्याच वहीत दिसत नाही. शिवाय एव्हलिनच्या उपायातच एक खोट होती. धूर इथून उचलून तिथे नेला, तर तिथल्या माणसांचे काय? धुराचा पत्ता बदलणे आणि धूर कमी करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याकडेही कारखाने शहराबाहेर गेले, मग शहरच त्यांच्या पाठोपाठ गेले.

एव्हलिन हात बांधून बसला नाही. रॉयल सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत तो होता. 1664 साली त्याचा ‘सिल्व्हा’ हा वृक्षांवरचा ग्रंथ निघाला. 1665 च्या प्लेगात, हवा शुद्ध व्हावी म्हणून लंडनच्या रस्त्यांवर शेकोट्या पेटवल्या गेल्या, तेव्हा तो डेटफर्डला राहून जखमी खलाशांची व्यवस्था पाहत होता. 1666 च्या आगीत लंडन जळाले, आणि दोनच आठवड्यांत नव्या शहराचा नकाशा त्याने राजापुढे ठेवला. तोही बाजूला पडला.

1684 च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, थेम्स गोठली. चौसष्टीच्या घरातल्या एव्हलिनने रोजनिशीत एक नोंद केली. गार हवेमुळे धूर वर चढत नाही, रस्त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही, आणि धुराचे कण फुप्फुसात भरून श्वास कोंडतो, असा तिचा आशय आहे. थंडीत हवेचा जड थर धूर जमिनीलगत दाबून ठेवतो, हे आज शाळकरी मुलालाही शिकवतात. त्याने ते निरीक्षणाने टिपले, आणि शब्दही कण हाच वापरला.

त्याला न दिसलेले कण आपण आता मोजतो. अडीच मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतका कण नाकातल्या केसांना आणि घशातल्या चिकट थराला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोचतो. त्याहून बारीक कण रक्तात उतरतात. म्हणून धुराचे दुखणे दम्यावर आणि खोकल्यावर थांबत नाही. ते हृदयविकार आणि पक्षाघातापर्यंत जाते. 2013 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हवेतल्या या कणांना कर्करोगकारक ठरवले.

एव्हलिन 27 फेब्रुवारी 1706 रोजी वारला. त्याची रोजनिशी छापली गेली ती 1818 मध्ये. लंडनने धुराची फिर्याद खरी ऐकली ती त्याहून कितीतरी उशिरा. 1952 च्या डिसेंबरात पाच दिवस काळे धुके बसले, निदान चार हजार माणसे मेली, आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. मग 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. पुस्तक आणि कायदा यांच्यामध्ये 295 वर्षे गेली.

आंदण मिळालेल्या त्या मुंबईत गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि 1912 साली इथेही धुराच्या उपद्रवाचा कायदा आला. पुढे 1981 मध्ये साऱ्या देशासाठी हवेचा कायदा झाला. आपल्या देशाने 2009 साली अडीच मायक्रॉनच्या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सुचवलेली मर्यादा आहे 5. म्हणजे आपण मर्यादा पाळली तरी सुरक्षित हवेपासून आठपट लांब असतो. आणि ती मर्यादाही हिवाळ्याच्या सकाळी आपली शहरे कितीदा ओलांडतात, ते रोजच्या वर्तमानपत्रात छापून येते.

म्हणून मला एव्हलिनचे चरित्र जुन्या काळची गोष्ट वाटत नाही. धूर वाईट आहे हे माणसाला उशिरा कळले, असे आपण समजतो. कळले होते. लिहून ठेवले होते, राजाला पटलेही होते. अडले होते ते मोकळ्या सोडलेल्या रकान्यापाशी. खर्च कोणी सोसायचा हे जोवर ठरत नाही, तोवर तो कोणीतरी सोसतच असते. सकाळी शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले आणि फिरायला निघालेले आजोबा, यांच्या छातीत तो रोज भरला जातो.