हैबतबाबा कोण होते? माउलींच्या पालखीला लष्करी शिस्त देणाऱ्या सरदाराची गोष्ट

आषाढी वारीत माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर पोहोचते, तेव्हा हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार हातातला चोप उंच करतो आणि क्षणात सगळा तळ शांत होतो. त्यासाठी पोलिसांची शिट्टी लागत नाही की भोंगा लागत नाही. एका काठीच्या इशाऱ्यावर एवढा मोठा समुदाय थांबतो.

ही शिस्त कुठून आली, याचे उत्तर शोधायला साधारण दोनशे वर्षे मागे जावे लागते. ते उत्तर म्हणजे हैबतराव पवार आरफळकर. वारकरी त्यांना गुरू हैबतबाबा म्हणतात. आजच्या पालखी सोहळ्याचे स्वरूप त्यांनी घडवले.

मूळचे कोण?

हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. घराणे पवार देशमुखांचे. तो काळ मराठी मुलखातल्या कर्त्या पुरुषांनी उत्तरेत जाऊन तलवार गाजवण्याचा होता. हैबतरावही ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्कराचा तळ कसा टाकायचा, कूच कधी करायचे, पुढे कोण आणि मागे कोण, रसद कशी पोहोचवायची, हे सगळे त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होते. पुढे हाच अनुभव वारीच्या कामी आला.

सातपुड्यात काय घडले?

वारकरी परंपरेत त्यांच्या आयुष्याला वळण देणारी एक कथा सांगितली जाते. नोकरीतून मिळवलेली संपत्ती घेऊन हैबतराव गावाकडे निघाले होते. सातपुड्याच्या जंगलात लुटारूंच्या टोळीने त्यांना आणि सोबतच्या लोकांना पकडले, एका गुहेत कोंडले आणि तोंडावर शिळा लावली.

आत हैबतरावांनी ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचा धावा सुरू केला. कथेनुसार २१ दिवस असे गेले. त्याच वेळी टोळीच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात त्याने गुहा उघडली, तेव्हा हैबतराव नामस्मरणात बुडालेले होते. नायकाने त्यांना संपत्तीसह सोडून दिले.

कथेतले तपशील श्रद्धेचे आहेत. मात्र त्यानंतर काय झाले, हे आळंदीत आजही दिसते. हैबतराव पुन्हा सरदारकीकडे वळले नाहीत. ते आळंदीला आले आणि उरलेले आयुष्य त्यांनी माउलींच्या समाधीपाशी सेवेत घालवले.

वेगळी पालखी का निघाली?

पंढरीची पायी वारी ज्ञानेश्वरांच्याही आधीपासूनची मानली जाते. पालखी मात्र नंतरची. संत तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. तुकोबांच्या पादुका देहूहून आळंदीला यायच्या, तिथे माउलींच्या पादुका सोबत घेतल्या जायच्या आणि एकाच पालखीतून दोन्ही संत पंढरपूरला निघायचे.

पुढच्या काळात पालखीचे हक्क आणि मानपान यांवरून देहूच्या वंशजांमध्ये वाद झाले. १८३० च्या सुमारास ते इतके वाढले की जोडपालखीची परंपरा टिकणे अवघड झाले. तेव्हा हैबतबाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्रपणे नेण्याचे ठरवले. या स्वतंत्र सोहळ्याची सुरुवात साधारणपणे १८३२ ची मानली जाते.

हा निर्णय सोपा नव्हता. पेशवाई १८१८ मध्ये संपली होती. मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला होता. देवस्थानांना ज्यांचा आधार होता, ते सरदार आणि संस्थानिक स्वतःच अडचणीत होते. अशा वेळी आळंदी ते पंढरपूर हा सुमारे २५० किलोमीटरचा प्रवास दरवर्षी, भर पावसाळ्यात, शेकडो माणसांसह करायचा होता.

अश्व आणि तंबू कुठून आले?

हैबतबाबांनी मदत मागितली ती ओळखीच्या जगाकडे, म्हणजे सरदार घराण्यांकडे. अंकली इथले शितोळे सरकार पुढे आले. अंकली आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे. शितोळ्यांनी घोडे दिले, पादुकांच्या मुक्कामासाठी तंबू दिला आणि नैवेद्याची जबाबदारी घेतली.

हा मान आजही त्यांच्याकडेच आहे. दरवर्षी दोन अश्व अंकलीहून सुमारे ३०० किलोमीटर चालत आळंदीला येतात. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीच बसत नाही. तो माउलींचा अश्व. त्यावर स्वतः ज्ञानेश्वर महाराज आरूढ असतात, अशी वारकऱ्यांची भावना आहे. रिंगणात तो धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते.

दिंड्यांना क्रमांक कशासाठी?

हैबतबाबांचे सर्वात टिकाऊ काम म्हणजे दिंड्यांची रचना. गर्दी म्हणून चालणाऱ्या माणसांना त्यांनी तुकड्यांमध्ये बांधले. प्रत्येक दिंडीला ठरलेली जागा मिळाली. आज माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. कोणाची दिंडी कितवी, हे वर्षानुवर्षे बदलत नाही. लाखोंच्या गर्दीत चुकलेला वारकरी फक्त क्रमांक विचारत आपल्या माणसांपर्यंत पोहोचतो.

दिंडीच्या आतही क्रम असतो. पुढे पताकाधारी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, पखवाजवादक आणि विणेकरी. मागे डोक्यावर तुळस किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या महिला. कोणते अभंग कोणत्या वेळी म्हणायचे, याचाही क्रम ठरलेला आहे. या भजनी मालिकेचे श्रेयही परंपरा हैबतबाबांनाच देते.

तक्रार असेल तर?

या व्यवस्थेतला सर्वात लक्षवेधी भाग मुक्कामाच्या समाज आरतीत दिसतो. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोप उंचावला की टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते.

चोपदार त्या आवाजाच्या दिशेने जातो, तक्रार ऐकतो आणि ती सोहळ्याच्या प्रमुखांपुढे मांडली जाते. निवाडा झाला की टाळ शांत होतात. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची माहिती दिली जाते आणि मग आरती होते. म्हणजेच रोजची भांडणे रोज मिटवल्याशिवाय दिवस संपत नाही. हक्कांच्या वादातूनच वेगळ्या झालेल्या सोहळ्यात अशी सोय असावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

लष्कराची शिस्त शिक्षेच्या भीतीवर चालते. वारीत कोणी पगारी नाही आणि कोणावर सक्तीही नाही. हैबतबाबांनी लष्कराचा साचा घेतला, पण त्यातली भीती काढून टाकली. म्हणून तो साचा टिकला.

या शिस्तीला मर्यादा नव्हती का?

होती. चालण्याचा क्रम ठरला, तरी त्या काळातले जातिभेद वारीतून नाहीसे झाले नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर वारीला गेलेल्या इरावती कर्वे यांनी आपल्या लेखात एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या वेगळ्या पंगती नोंदवल्या आहेत. पंढरपूरला चालत पोहोचलेल्या दलित वारकऱ्यांना विठ्ठल मंदिराचे दार बंद होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. रस्ता सर्वांचा झाला, तरी दार सर्वांचे व्हायला शतकाहून अधिक काळ गेला.

हैबतबाबांची समाधी कुठे आहे?

हैबतबाबांचे निधन १८३६ मध्ये आळंदीत झाले. म्हणजे स्वतंत्र सोहळा त्यांना जेमतेम काही वर्षेच पाहायला मिळाला. त्यांच्या मागे वंशजांनी ही सेवा पुढे नेली. पालखीचे मालक हा मान आजही आरफळकर घराण्याकडे आहे.

त्यांची समाधी ज्ञानेश्वर मंदिराच्या महाद्वारात, पहिल्या पायरीशी आहे. पंढरपूरला जशी नामदेव पायरी, तशी आळंदीला हैबतबाबांची पायरी. दरवर्षी कार्तिक वद्य अष्टमीला या पायरीचे पूजन होते आणि मगच माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्याला सुरुवात होते.

सरदार म्हणून ज्यांच्यापुढे माणसे वाकत असतील, त्यांनी अखेरची जागा निवडली ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांशी. आळंदीला दर्शनाला जाणारा प्रत्येक जण आधी हैबतबाबांच्या पायरीवर येतो. त्यातल्या अनेकांना त्यांचे नावही माहीत नसते.