पडद्यामागचा सम्राट : युहेनियो लोपेझ

मनिला शहरात २३ ऑक्टोबर १९५३ रोजी फिलिपिन्समधील पहिल्या दूरचित्रवाणी केंद्राचे प्रसारण सुरू झाले. अमेरिकी अभियंता जेम्स लिंडेनबर्ग आणि राष्ट्राध्यक्षांचे बंधू अंतोनियो किरिनो यांनी लावलेल्या या रोपट्याचा वटवृक्ष केला तो उद्योगपती युहेनियो लोपेझ यांनी. त्याची जबर किंमतही त्यांनाच मोजावी लागली.

लोपेझ यांचा जन्म १९०१ मध्ये इलोइलो येथील सधन ऊसबागायतदार घराण्यात झाला. वडील बेनितो हे प्रांताचे गव्हर्नर होते. त्यांची हत्या झाली तेव्हा युहेनियो अवघे सहा वर्षांचे होते. कायद्याचे शिक्षण घेऊन ते उद्योगात उतरले. १९४७ मध्ये त्यांनी ‘मनिला क्रॉनिकल’ हे दैनिक विकत घेतले. १९५६ मध्ये थोरले पुत्र युहेनियो कनिष्ठ यांच्यासह ‘क्रॉनिकल ब्रॉडकास्टिंग नेटवर्क’ स्थापन केले आणि पुढच्याच वर्षी किरिनो यांची कंपनीही आपल्याकडे घेतली. त्यातूनच ‘एबीएस-सीबीएन’ आकारास आले. १९६२ मध्ये मनिलाला वीज पुरवणारी ‘मेराल्को’ कंपनी अमेरिकी मालकांकडून त्यांच्या हाती आली. १९६८ मध्ये क्वेझोन सिटीत भव्य प्रसारण संकुल उभे राहिले.

बंधू फर्नांदो हे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांचे उपराष्ट्राध्यक्ष होते. परंतु पुढे हे सख्य तुटले. सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा लागू होताच लोपेझ यांची दूरचित्रवाणी आणि दैनिक, दोन्ही बंद पाडण्यात आली. नोव्हेंबरमध्ये मार्कोस यांच्या हत्येच्या कटाचा आरोप ठेवून युहेनियो कनिष्ठ यांना कैद करण्यात आले. त्या वेळी अमेरिकेत असलेल्या पित्यापुढे साम्राज्य की मुलगा, असा पेच उभा राहिला. त्यांनी मुलाच्या सुटकेच्या आशेने ‘मेराल्को’वर नाममात्र मोबदल्यात पाणी सोडले. तरीही सुटका झाली नाही.

जुलै १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे कर्करोगाने लोपेझ यांचे निधन झाले, तेव्हाही पुत्र कोठडीतच होता. १९७७ मध्ये तो तुरुंगातून निसटून अमेरिकेस पोहोचला. १९८६ मध्ये मार्कोस राजवट कोसळल्यावर त्याने मायदेशी परतून वाहिनी पुन्हा सुरू केली.

मे २०२० मध्ये परवान्याची मुदत संपताच तिचे प्रक्षेपण पुन्हा थांबले. जुलैमध्ये संसदीय समितीने नवा परवाना नाकारला. सत्तेच्या सावलीत वाढलेले माध्यम त्याच सत्तेच्या मर्जीवर किती अवलंबून राहते, याचा धडा लोपेझ यांच्या चरित्रातून मिळतो.