शत्रूच्या मुलांची कैवारी

दोन देशांत लढाई जुंपली, की दोन्हीकडची मोठी माणसे एकमेकांची दुश्मन होतात. पण त्या देशांतल्या लहान मुलांचे काय? पाळण्यातले मूल कोणाचे दुश्मन असते? हा प्रश्न भर चौकात विचारल्याबद्दल लंडनमध्ये एका बाईंना पोलिसांनी पकडले होते. त्या बाईंचे नाव एग्लंटाईन जेब. नाव उच्चारायला जरा अवघड आहे. दोन-तीन वेळा मोठ्याने म्हणा, म्हणजे जमेल. युद्धात, दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी परदेशांत जाऊन काम करणारी 'सेव्ह द चिल्ड्रेन' ही जगप्रसिद्ध संस्था या बाईंनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने सुरू केली.

एग्लंटाईन यांचा जन्म २५ ऑगस्ट १८७६ रोजी इंग्लंडमध्ये एल्समीअर या गावाजवळ झाला. घर सुखवस्तू होते. शेतीवाडी होती, घोडे होते, पुस्तकांनी भरलेली कपाटे होती. आईला समाजकार्याची आवड होती. गरीब मुलांना हातकाम शिकवणारी एक संस्था तिने काढली होती. वडील विद्वान होते, पण मुलींनी विद्यापीठात शिकावे हे त्यांना पसंत नव्हते. आत्या मात्र स्वतः शिकलेली. तिने भाचीची बाजू घेतली. १८९५ साली एग्लंटाईन ऑक्सफर्डला गेल्या आणि इतिहास शिकल्या. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये मुलींना परीक्षा देता येई, पदवी मात्र मिळत नसे. ती १९२० सालापासून मिळू लागली.

शिक्षण झाल्यावर जेबबाईंनी शिक्षिका व्हायचे ठरवले. श्रीमंत घरच्या, ऑक्सफर्डला शिकलेल्या मुलीने साध्या प्राथमिक शाळेत शिकवावे ही गोष्ट तेव्हा नवलाची होती. त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतले आणि मार्लबरो गावी गरीब मुलींच्या शाळेत नोकरी धरली. पण हे काम त्यांना झेपले नाही. प्रकृती नाजूक होती. शिवाय मुलांच्या गोंगाटात त्यांचा जीव रमत नसे. वर्ष-दीड वर्षात त्यांनी शाळा सोडली. आम्हा शिक्षकांना यात फारसे आश्चर्य वाटणार नाही. वर्ग सांभाळणे ही सोपी गोष्ट नाही. पण पुढे जी बाई जगातल्या लाखो मुलांसाठी झटली, तिला मुलांच्या घोळक्यात बसायला आवडत नसे, ही गंमत तुम्ही लक्षात ठेवा. मुलांचे लाड करणे वेगळे आणि मुलांसाठी काम करणे वेगळे. जेबबाईंना दुसरी गोष्ट जमत होती.

त्यानंतर त्या आईबरोबर केंब्रिजला राहू लागल्या. तेथे त्यांनी शहरातल्या गरिबीची पाहणी केली. घराघरांत जाऊन माहिती घ्यायची, कोठे काय कमी आहे ते लिहून काढायचे, असे ते काम होते. १९०६ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. दान देण्याआधी माहिती गोळा करावी, नुसत्या दयेने भागत नाही, ही सवय त्यांना येथे लागली.

आता आपण केंब्रिज सोडून दूर बाल्कन प्रदेशात जाऊ. नकाशात ग्रीसच्या वर पाहा. १९१२ च्या ऑक्टोबरात सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस आणि माँटेनेग्रो या राज्यांनी तुर्की साम्राज्याविरुद्ध युद्ध पुकारले. मॅसेडोनिया हा मुलूख या युद्धात भरडला गेला. गावे जळाली. माणसे मुलाबाळांना घेऊन रस्त्यावर आली. त्यांत मुसलमान होते आणि ख्रिस्तीही होते. ज्या गावात ज्याचे सैन्य शिरेल, त्याप्रमाणे कधी यांच्यावर तर कधी त्यांच्यावर पळण्याची पाळी येई. जेबबाईंचे मेहुणे, म्हणजे धाकट्या बहिणीचे, डॉरथीचे पती, या लोकांसाठी मदतनिधी गोळा करत होते. ती मदत पोहोचवण्यासाठी १९१३ च्या आरंभी जेबबाई स्वतः मॅसेडोनियात गेल्या.

परदेशात मदतीला जाणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. भाषा येत नाही. रस्ते धड नाहीत. कडाक्याची थंडी आहे. आपल्या हातात आहे थोडा पैसा, थोडे धान्य, थोडी पांघरुणे, आणि समोर हजारो माणसे. कोणाला द्यायचे? एकाला दिले, की दुसरा रिकाम्या हाताने परत जातो. आज दिले ते उद्या संपते. जेबबाईंनी तेथे आजार, उपासमार आणि बेघर झालेली कुटुंबे पाहिली. मायदेशी परतल्यावर त्यांनी सभांतून बोलून, लेख लिहून आणखी पैसे जमवण्याची खटपट केली. पण एक गोष्ट त्यांच्या मनाने पक्की घेतली. युद्ध आग लावत जाणार आणि आपण मागून वाटीभर पाणी शिंपडत जाणार, याने पुरे पडत नाही. मदत करायची तर ती मोठ्या प्रमाणावर, नीट आखून, आणि ज्यांच्यामुळे आग लागते त्यांना जाब विचारून केली पाहिजे.

दुसऱ्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटनमध्ये जर्मनांविषयी इतका द्वेष पसरला, की शत्रूच्या देशातली खरी खबर कोणाला ऐकायलाच नको होती. डॉरथीने सरकारची परवानगी काढून परदेशी, अगदी शत्रूराष्ट्रांचीही, वर्तमानपत्रे मागवली आणि त्यांतल्या मजकुराचे भाषांतर ती केंब्रिजच्या एका नियतकालिकात छापू लागली. जेबबाईही या कामात सामील झाल्या. रोज वर्तमानपत्रे वाचायची आणि भाषांतरे करायची. अशा वाचनातून त्यांना कळले, की तिकडे मुले उपाशी मरत आहेत.

त्याचे कारण होते समुद्रातली नाकेबंदी. ब्रिटन आणि त्याच्या मित्रराष्ट्रांनी शत्रूच्या बंदरांकडे जाणारी जहाजे अडवली होती. धान्य, दूध, चरबी, औषधे काहीच पोहोचत नव्हते. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी लढाई थांबली. तोफा थंडावल्या, पण नाकेबंदी उठली नाही. शत्रूने तहावर सही करावी म्हणून ती चालू ठेवण्यात आली. जर्मनीवरची नाकेबंदी १९१९ च्या जुलैपर्यंत राहिली. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे मुलांची हाडे मुडदुसाने वाकली. क्षय पसरला. दोन-तीन वर्षांची मुले उभीसुद्धा राहू शकत नव्हती. मित्रांनो, तोफेचा गोळा फुटला की आवाज होतो आणि जग ऐकते. भुकेचा आवाज होत नाही.

१९१९ च्या एप्रिल महिन्यात जेबबाईंनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पत्रके वाटली. पत्रकावर ऑस्ट्रियातल्या एका मुलाचे छायाचित्र होते. वय अडीच वर्षे. डोके मोठे, हातपाय काड्यांसारखे. हे आपल्या नाकेबंदीने घडले आहे, असे त्यात सरळ म्हटले होते. युद्धकाळचा कायदा अजून लागू होता. सरकारी तपासनिसाला दाखवल्यावाचून असे काही छापणे गुन्हा होता. पोलिसांनी जेबबाईंना अटक केली.

मे महिन्यात खटला उभा राहिला. जेबबाईंनी वकील दिला नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडली. कायद्याच्या दृष्टीने आपली बाजू लंगडी आहे हे त्या जाणून होत्या. पत्रके दाखवली नव्हती, ही गोष्ट खरीच होती. म्हणून त्यांनी सारा भर माणुसकीच्या बाजूवर दिला. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि पाच पाउंड दंड केला. शिक्षा याहून पुष्कळ जबर होऊ शकली असती. मग एक अपूर्व गोष्ट घडली. त्यांच्याविरुद्ध उभे असलेले सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी आपल्या खिशातून पाच पाउंडांची नोट काढली आणि जेबबाईंच्या हाती दिली. सरकारतर्फे त्यांनी आपले काम चोख केले होते. ही नोट मात्र त्यांची स्वतःची होती. ती जेबबाईंनी दंडासाठी न वापरता नव्या निधीत घातली. 'सेव्ह द चिल्ड्रेन'चे पहिले दान ते हेच, असे सांगतात.

त्यानंतर लगेच, १९ मे १९१९ रोजी, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये दोघी बहिणींनी सभा घेतली. सभागृह खच्चून भरले. काही लोक ऐकायला आले होते, काही गोंधळ घालायला. या देशद्रोही बायकांवर फेकण्यासाठी काहींनी सडकी फळे आणली होती, अशी आठवण सांगितली जाते. जेबबाई बोलायला उठल्या तेव्हा त्यांचा आवाज आधी खाली होता, मग तो चढत गेला. उपाशी मूल समोर असताना ते कोणत्या देशाचे हे विचारत बसू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. फळे कोणी फेकली नाहीत. त्या रात्री 'सेव्ह द चिल्ड्रेन फंड' स्थापन झाला आणि मदत व्हिएन्नाकडे निघाली.

संस्था वाढत गेली. १९२० च्या जानेवारीत जिनिव्हा येथे तिचा आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनीही लोकांना मदतीचे आवाहन केले. जेबबाईंनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. गरिबांसाठी जमवलेला पैसा जाहिरातींवर का घालवता, असे लोक विचारत. पण एका पाउंडाच्या जाहिरातीतून अनेक पाउंड गोळा होतात, हा हिशेब त्यांना कळला होता.

त्यांची खरी परीक्षा १९२१ मध्ये झाली. रशियात व्होल्गा नदीच्या काठी पाऊस पडला नाही. आधीच यादवी युद्धाने मुलूख पिळून निघाला होता. दुष्काळ इतका भयंकर पडला, की सुमारे पन्नास लाख माणसे मेली असावीत. व्होल्गाकाठी रशियन होते, जर्मनांच्या जुन्या वस्त्या होत्या, तातार मुसलमान होते. भुकेने कोणालाच सोडले नाही. इकडे ब्रिटनमध्ये काही वर्तमानपत्रे ओरडत होती, की आपल्या देशात बेकारी असताना बोल्शेविकांच्या देशात पैसा कशाला पाठवता? काहींनी तर दुष्काळच खोटा आहे असे छापले. जेबबाईंच्या संस्थेने वाद घालत न बसता एक छायाचित्रकार रशियात पाठवला आणि दुष्काळाचा चित्रपट काढून तो गावोगाव दाखवला.

सप्टेंबर १९२१ मध्ये सुमारे ६०० टन सामान घेऊन 'टॉर्सेलो' हे जहाज लंडनहून निघाले. संस्थेचे काम साराटोव्ह प्रांतात होते. ब्रिटनहून गेलेले कार्यकर्ते थोडे, पण खेडोपाडी अन्न शिजवणारे आणि वाढणारे हात तिथल्याच लोकांचे होते. बर्फात घसरगाड्यांवरून धान्य न्यावे लागे. साथीच्या तापाची भीती होती. तरी कामाचा जोर होता तेव्हा तेथे रोज सुमारे तीन लाख मुलांना जेवण मिळत होते. तीन लाख म्हणजे किती? तुमच्या शाळेत हजार मुले असतील, तर अशा तीनशे शाळा. मॅसेडोनियात वाटीभर पाणी शिंपडणाऱ्या बाईंनी आठ वर्षांत एवढी मजल मारली होती. पुढे ग्रीस आणि बल्गेरिया येथल्या निर्वासितांनाही या संस्थेचा हात मिळाला.

पण जेबबाईंचे समाधान होत नव्हते. लोक दया येईल तेव्हा देतात, दया आटली की थांबतात. मग मुलांनी काय करायचे? दयेच्या जागी काहीतरी पक्के हवे होते. १९२३ साली एका रविवारी त्या जिनिव्हाजवळच्या सालेव्ह डोंगरावर गेल्या आणि एका छोट्याशा जाहीरनाम्याचा मसुदा घेऊन खाली आल्या. त्यात अवघी पाच कलमे होती. भुकेल्या मुलाला अन्न, आजारी मुलाला उपचार, अनाथाला आसरा मिळाला पाहिजे. संकट आले, की पहिली मदत मुलाला मिळाली पाहिजे. मुलाची पिळवणूक होता कामा नये. वंश, देश, धर्म यांवरून फरक करायचा नाही. आणि शेवटचे कलम मोठे सुंदर आहे : आपल्या अंगचे गुण इतरांच्या उपयोगी पडावेत, अशा जाणिवेने मूल वाढले पाहिजे. घेणारे मूल उद्या देणारे होईल, हे त्या विसरल्या नव्हत्या.

'हक्क' हा मराठी शब्द तुम्हांला नवा नाही. तुमच्या घरातला 'हक' मराठीत येताना एक 'क' जास्त घेऊन आला, एवढेच. भीक आणि हक्क यांत काय अंतर आहे, हेही तुम्हांला घरीच ठाऊक झाले असेल. जेबबाईंनी मुलांची मदत भिकेच्या यादीतून काढून हक्काच्या यादीत घातली. १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने हा जाहीरनामा स्वीकारला. १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याच धर्तीवर मोठा जाहीरनामा केला आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार झाला. ११ डिसेंबर १९९२ रोजी भारतानेही तो मान्य केला.

जेबबाईंनी लग्न केले नाही. गळ्यातल्या ग्रंथीचा विकार त्यांना वर्षानुवर्षे छळत होता. अनेकदा शस्त्रक्रिया झाल्या. केस लवकर पांढरे झाले. अंगाने काटकुळ्या, पण बोलू लागल्या की तेज दिसे, म्हणून सहकारी त्यांना पांढरी ज्योत म्हणत. १७ डिसेंबर १९२८ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. वय होते फक्त ५२. युरोपबाहेरच्या मुलांकडेही जगाने पाहावे असे त्यांच्या मनात होते. आफ्रिकेतल्या मुलांविषयीची परिषद त्यांच्या पश्चात, १९३१ मध्ये, जिनिव्हात भरली.

त्यांना त्याच शहरात दफन केले होते. २०२४ साली जिनिव्हाच्या लोकांनी त्यांचे अवशेष मोठ्या मानाने हलवले आणि शहरातल्या थोर माणसांसाठी राखलेल्या कबरस्तानात ठेवले.