श्रीपुरंदरदास : चाळिशीनंतर उघडलेला कंठ

माळ घालावयास उशीर झाला, अभंग शिकावयास उशीर झाला, आता या वयात टाळ धरून काय होणार, असे म्हणणारे गृहस्थ आपल्या संप्रदायात थोडे नाहीत. मुलींची लग्ने उरकली, मुलगा दुकानावर बसू लागला, शेत बटाईने दिले, मग कुठे पंढरीची आठवण होते. आणि भजनात उभे राहावे तो शेजारचा दहा वर्षांचा पोरगा आपल्यापेक्षा सुरात गातो, हे पाहून मन खट्टू होते. अशा भाविकांसाठी आज आम्ही एका सत्पुरुषाचे चरित्र सांगणार आहोत. याची भाषा कानडी, संप्रदाय श्रीमध्वाचार्यांचा, पण मुद्रा मात्र विठ्ठलाची. चाळिशीपर्यंत याने हातात तराजू धरला आणि चाळिशीनंतर तंबोरा धरला. पुढल्या चाळीस वर्षांत असे काही करून ठेवले की, साडेचारशे वर्षे उलटली तरी दक्षिणेतील मूल गाण्याचा पहिला धडा घेते तो त्यानेच घालून दिलेल्या वाटेने. श्रीपुरंदरदास हे ते नाव.

परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १४८४ सालचा. पूर्वाश्रमीचे नाव श्रीनिवास नायक, वडिलांचे वरदप्पा नायक. जन्मस्थान कोणते, याविषयी मात्र दोन पक्ष आहेत. पुरंदर या नावावरून पुष्कळांनी ते आपल्या पुण्याजवळचे पुरंदर मानले, तर कर्नाटकातील अनेक अभ्यासक मलेनाडूतील तीर्थहळ्ळीचा मुलूख दाखवितात. असो. संताचे गाव म्हणजे त्याचे देवस्थान, आणि देव विटेवरचा आहे, त्यावर वाद नाही.

घराणे सराफीचे. सोने-नाणे, हिरे-माणके, गहाणवट असा व्यवहार. मुलाला संस्कृत, कानडी आणि संगीत यांचे शिक्षण चांगले मिळाले होते, असे चरित्रकार सांगतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे. बाप गेल्यावर श्रीनिवास पेढीवर बसला, आणि शिकलेले गाणे पेटीत बंद झाले. धंदा मात्र असा वाढला की लोक त्याला नवकोट नारायण म्हणू लागले. जितका पैसा तितका हात आखडता. दारी आलेला याचक रिकामा परत जायचा. पत्नी सरस्वती मात्र उदार मनाची, बाई मोठी भाविक.

पुढची कथा अशी सांगतात. एक गरीब ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठी मदत मागावयास पेढीवर आला. नायकाने उद्या ये म्हणून सांगितले, उद्याचा परवा झाला, महिने लोटले. अखेर तो ब्राह्मण मागच्या दाराने सरस्वतीबाईंकडे गेला. घरातले द्रव्य सारे नवऱ्याच्या किल्लीखाली. बाईंच्या स्वतःच्या हक्काची म्हणून माहेरची नथ तेवढी होती, ती त्यांनी काढून दिली. ब्राह्मणाने काय करावे? तीच नथ घेऊन तो थेट नायकाच्या पेढीवर विकावयास आला! नायकाने नथ ओळखली, पेटीत टाकून कुलूप घातले आणि घरी येऊन बायकोला नथ दाखव म्हणून दरडावले. बाईंचा जीव उडाला. देवापाशी जाऊन विषाची वाटी तोंडाला लावणार, तो वाटीत काही खणकले. पाहतात तो नथ! ती नवऱ्याच्या हातावर ठेवली. नायक धावत पेढीवर गेला, कुलूप उघडले, पेटी रिकामी आणि ब्राह्मण नाहीसा झालेला.

भाविक हो, हा चमत्कार आम्ही कीर्तनात अनेकदा सांगितला आहे आणि लोक नथीपाशी टाळी वाजवतात. पण खरा चमत्कार त्याच्या पुढे आहे. रोज शंभर कुलपे लावणाऱ्या माणसाला त्या दिवशी कळले की आपले कुलूप लागतच नाही. त्याने घरदार, पेढी, दागदागिने सारे वाटून टाकले आणि बायकामुलांसह विजयनगरची वाट धरली. तिथे १५२५च्या सुमारास, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, त्याला श्रीव्यासरायांचा अनुग्रह झाला आणि पुरंदरविठ्ठल ही मुद्रा मिळाली. दासांनी पुढे आपल्या एका पदात या सगळ्याचे श्रेय पत्नीला दिले आहे. तंबोऱ्याची दांडी धरण्याची ज्याला लाज वाटत होती त्याच्या हाती ती बायकोनेच दिली, म्हणून तिच्यासारख्या हजार होवोत, असा त्याचा भाव. सौभाग्यवतींनी हे वाचून ठेवावे, आणि त्यांच्या यजमानांनी तर अवश्य वाचावे.

आता ते विजयनगर कसे होते पाहा. तुंगभद्रेच्या काठी हंपी, राज्यावर कृष्णदेवराय (१५०९ ते १५२९). नदीकाठी भव्य विठ्ठलमंदिर, ज्याच्या अंगणातील पाषाणाचा रथ पाहावयास आजही देशोदेशींचे लोक जातात. आपल्या पंढरीची मूर्ती कृष्णदेवरायाने तिकडे नेली आणि पैठणच्या भानुदासांनी, म्हणजे नाथमहाराजांच्या पणजोबांनी, ती परत आणली, ही कथा प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. तात्पर्य, त्या काळी विठ्ठलाच्या नावाने तुंगभद्रा आणि चंद्रभागा एकमेकींच्या शेजारी आल्या होत्या. गुरू व्यासराय म्हणजे प्रकांड पंडित. त्यांचे न्यायामृत आणि तर्कतांडव हे ग्रंथ उघडले की चांगल्या चांगल्या शास्त्र्यांना घाम फुटतो. पाठशाळेत आयुष्य गेलेल्या आम्हासारख्यांना याचे नवल वाटते की, अशा तार्किकाने शिष्याच्या कानडी पदांना उपनिषदाचा मान दिला, असे परंपरा सांगते. स्वतः व्यासरायांनीही कानडीत पदे केली. पंडितांचा तो व्यासकूट आणि गाणाऱ्यांचा तो दासकूट, दोन्ही एकाच गुरूच्या अंगणात नांदत होते. धनगर कुळातील म्हणून प्रसिद्ध असलेले कनकदास हेही त्याच अंगणातले.

दासांची दिनचर्या साधी होती. पायात घुंगरू, हातात तंबोरा आणि चिपळ्या, काखेला झोळी. पहाटे हंपीच्या रस्त्याने गात निघावयाचे, दारोदार जे धान्य मिळेल ते घ्यावयाचे, त्यात त्या दिवसाचा संसार करावयाचा. उद्यासाठी ठेवावयाचे नाही. ज्याच्या पेढीवर याचक ताटकळत बसत तो आता स्वतः दारात उभा! पण गंमत अशी की, जुना धंदा सुटला तरी जुनी भाषा सुटली नाही, आणि तीच त्यांच्या काव्याची मोठी शक्ती झाली. एका पदात ते नामाची खडीसाखर विकावयास निघतात. हा माल बैलावर लादावा लागत नाही, गोणीत भरावा लागत नाही, नाक्यावर जकात लागत नाही आणि व्यापारात खोट येत नाही. दुसऱ्या पदात ते भिक्षेत नाचणी मागतात. नाचणीला कानडीत रागी म्हणतात, आणि शब्दाला तसाच प्रत्यय लागला की अमुक होऊन असा अर्थ होतो. म्हणजे ऐकणाऱ्या बाईला वाटावे दास धान्य मागतो आहे, आणि दास तर सांगतो आहे की बाई, तू योग्य हो, दानशील हो, भक्त हो.

सांगा बरे, विसाव्या वर्षी पेढी न पाहता गाणाऱ्याला हे पद सुचले असते काय? जकात भरल्याशिवाय जकातीचे दुःख कळत नाही. ज्याने खोट खाल्ली, व्याज मोजले, याचकाला हाकलले, त्यालाच बाजारातल्या माणसाच्या काळजाला हात घालता येतो. म्हणून आम्ही म्हणतो की ती पहिली चाळीस वर्षे वाया गेली नाहीत. लहानपणी शिकलेले गाणे पेटीत पडून होते, त्यावर संसाराच्या अनुभवाचे व्याज चढत होते. पेटी उघडली तेव्हा मुद्दल आणि व्याज एकदमच बाहेर आले.

दासांचा स्वभाव मात्र एका रात्रीत बदलला असे कोणी समजू नये. पंढरीची एक कथा आहे. दास पंढरीस मुक्कामाला होते. रात्री त्यांनी शिष्य अप्पण्णाला पाणी आणावयास हाक मारली. पाणी यावयास उशीर झाला म्हणून रागाच्या भरात तांब्या त्याच्या अंगावर हाणला. सकाळी पश्चात्तापाने समजूत घालू गेले तर अप्पण्णाला काहीच ठाऊक नाही, तो तर झोपला होता. मग पाणी कोणी आणले होते? पुढे देवाच्या हातचे सोन्याचे कंकण एका कलावंतिणीच्या घरी सापडले. दासांनीच ते दिले असे तिने सांगितले, आणि निरपराध दासांना खांबाला बांधून मार बसला. देवाने दासाच्या रूपाने ते दिले होते, म्हणजे रात्रीच्या तांब्याची परतफेड झाली! तेव्हा दासांनी पद केले की देण्याचे घेणे फिटले. पाहा, विठ्ठलाशीही हिशेब सराफाच्याच वहीत. राग उरला होता, पण तो लपविला नाही, गाण्यात ओतला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दासांची पदे पावणेपाच लाख, असे परंपरा मानते. हिशेब केला तर चाळीस वर्षे रोज बत्तीस पदे पडतात. ती संख्या प्रेमाची आहे, आज उपलब्ध पदे सुमारे हजार. पण त्यांना कर्नाटक संगीताचे पितामह म्हणतात ते नुसत्या पदांसाठी नव्हे. गाणे शिकविण्याचा जो पायऱ्यापायऱ्यांचा क्रम आजही दक्षिणेत घरोघर चालतो, त्याचे कर्तेपण परंपरा त्यांनाच देते. आधी स्वर सरळ चढावयाचे आणि उतरावयाचे. मग तोच स्वर जोडीने म्हणावयाचा. मग एक सोडून दुसऱ्यावर जावयाचे. मग धृव, मठ्य, रूपक, झंप, त्रिपुट, अट आणि एक अशा सात तालांत अलंकार. मग सोपी गीते, त्यांतील आरंभीची गणपतीची.

पहिल्या धड्यांसाठी जो राग आहे तो मायामाळवगौळ. आपल्या भैरवाच्या थाटाचेच ते स्वर. यात मोठे शहाणपण आहे बरं का! षड्जापासून मध्यमापर्यंत स्वरांत जी अंतरे आहेत, तीच पंचमापासून वरच्या षड्जापर्यंत आहेत. मुलाने अर्धे शिकले की उरलेले अर्धे आपोआप हाती येते. शिवाय जवळचे स्वर आणि लांबचे स्वर दोन्ही त्यात असल्यामुळे कान आणि गळा एकदमच तयार होतात. पुढची गीते मलहरी रागात आहेत, आणि मलहरी ही मायामाळवगौळाचीच लेक, म्हणजे मूल ओळखीच्या अंगणातच खेळते. जुन्या सराफाने जणू सुरांची मापे घडवून ठेवली.

हे काम तरुण गवयाच्या हातून सहसा होत नाही. तरुणाला आपली तान दाखवावयाची असते, आणि त्यात वावगे काही नाही. पण ज्याची चाळिशी उलटली, ज्याला आपल्यामागे कोण गाणार याची काळजी लागली, त्यालाच मुलाचा पहिला सूर महत्त्वाचा वाटतो. जो स्वतः आयुष्याच्या मध्यावर पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहिला, त्याला पहिल्या पायरीची उंची किती असावी हे कळते. आमच्या मते दासांच्या पन्नाशी-साठीतील प्रतिभेचे सर्वांत पिकलेले फळ ते हेच.

दासांनी १५६४ साली पौष अमावास्येस हंपीत देह ठेवला, अशी परंपरा आहे. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि ते वैभवशाली विजयनगर लुटले गेले, जाळले गेले. सोन्याच्या पेढ्या गेल्या, राजवाडे गेले. पण सारेगमचा तो पाठ मुलांच्या कंठात होता, तो कोणाला लुटता आला नाही. पुढे दोनशे वर्षांनी तंजावर प्रांतात, जिथे तेव्हा भोसल्यांचे मराठी राज्य होते, त्यागराज (१७६७ ते १८४७) झाले. त्यांनी आपल्या प्रल्हादभक्तिविजय या गेयनाटकात पुरंदरदासांना आदराने वंदन केले आहे. आपल्याकडे पंडित भीमसेन जोशी (१९२२ ते २०११) यांनी आपल्या संतांचे अभंग आणि दासांची कानडी पदे सारख्याच प्रेमाने गाऊन घरोघर पोहोचविली. १९६४ साली, चारशेव्या पुण्यतिथीच्या वर्षी, भारत सरकारने दासांचे टपाल तिकीट काढले. हंपीस तुंगभद्रेच्या पात्रालगत पुरंदर मंडप आहे. पूर आला की तो पाण्याखाली जातो आणि पूर ओसरला की पुन्हा जसाच्या तसा दिसतो. पौष अमावास्येच्या सुमारास तिथे दासांची आराधना होते. हंपीस जाणाऱ्यांनी दगडी रथ पाहून परत फिरू नये, चार पावले पुढे जाऊन या मंडपात घटकाभर बसावे आणि एक अभंग म्हणावा.

तेव्हा उशीर झाला म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. पुरंदरदासांसारखी प्रतिभा सर्वांना नसते, हे खरे. पण त्यांनीसुद्धा नवे काही विकत आणले नव्हते. लहानपणी जे कानावर पडले होते त्यावरचे कुलूप तेवढे काढले. आपल्यापैकी कोणाच्या कानावर आजीचा हरिपाठ पडला नाही? कोणी बापाच्या खांद्यावर बसून दिंडी पाहिली नाही? ते मुद्दल शिल्लक आहे. शेजारचा दहा वर्षांचा पोरगा सुरात गातो ना? मग लाज न धरता त्याच्याजवळ बसावे, त्याच्या सुरात आपला षड्ज मिळवावा, आणि त्याला जे अजून ठाऊक नाही ते, म्हणजे संसारात पोळलेल्या माणसाला नाम कसे गोड लागते, ते आपण त्याला सांगावे. दोघांचेही काम होईल.

पुंडलिकवरदा हरिविठ्ठल.