तसबिरीतले आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स

धर्मगुरू निवासाची रंगरंगोटी चालू होती तेव्हा दिवाणखान्यातल्या तसबिरी उतरवून बाकावर ठेवल्या होत्या. मुंबईच्या जुन्या आर्चबिशपांपैकी एकाची काच पुसता पुसता आपल्या वेदीसेवकांपैकी एकाने विचारले की हे गोरे बिशप कोण? खाली इंग्रजीत नाव आहे, थॉमस रॉबर्ट्स, येशूसंघीय, आणि वर्षे १९३७ ते १९५०. वर्षे बरोबर आहेत. मात्र त्यातली शेवटची चार वर्षे हे महाशय मुंबईत नव्हतेच! ते का नव्हते, हे आपल्या लोकांना ठाऊक असायला हवे. वसई धर्मप्रांत १९९८ साली वेगळा झाला; त्याआधीची सत्तर वर्षे आपण मुंबईच्या आर्चबिशपांच्याच हाताखाली होतो. १९४०च्या सुमारास ज्यांनी दृढीकरण संस्कार घेतला, त्यांचे आर्चबिशप हेच.

जन्म ७ मार्च १८९३, फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात, पण कुटुंब इंग्रज. १९०९ साली ते येशूसंघात गेले आणि १९२५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. काही वर्षे शिकवण्यात गेली. १९३५ पासून ते लिव्हरपूलच्या संत फ्रान्सिस झेवियर चर्चचे रेक्टर होते. हिंदुस्थान त्यांनी पाहिलेला नव्हता. १९३७ साली आपल्याला मुंबईचे आर्चबिशप नेमले आहे हे त्यांना आधी वृत्तपत्रवाल्यांकडून कळले!

त्यांनाच का नेमले, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. मुंबईत शेकडो वर्षे दोन सत्ता नांदत होत्या, पोर्तुगालची पद्रोआदो आणि रोमची प्रोपागांडा. शेजारी शेजारी दोन चर्चेस आणि त्यांचे दोन वेगळे बिशप, असा प्रकार होता. आपली वसईची चर्चेस पद्रोआदोतली, दमण धर्मप्रांतातली. १९२८ साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, दमणचा हा भाग मुंबईला जोडला गेला आणि मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असावा असे ठरले. पहिली पाळी पोर्तुगीज जोआकिम लिमा यांची. ते १९३६ साली वारले, मग पाळी ब्रिटिशाची. या आळीपाळीत हिंदी माणसाला कुठेच जागा नव्हती. प्रजा इथली, बहुतेक धर्मगुरूही इथले आणि गोव्याचे, पण गादीवर बसवायचा तो समुद्रापलीकडचा.

रॉबर्ट्स यांना हे खटकू लागले. धर्मप्रांताचे काम त्यांनी मनापासून केले. सोफिया कॉलेज १९४० साली त्यांच्याच काळात सुरू झाले. पण आपण इथे उपरे आहोत हे त्यांच्या मनातून जात नव्हते. फादर व्हॅलेरियन ग्रेशस यांच्यावर त्यांची नजर होती. ग्रेशस कराचीत जन्मलेले, आईवडील गोव्याचे. १९४१ साली त्यांना कुलाब्याच्या होली नेम चर्चचे रेक्टर केले. त्या जागेवरचे ते पहिलेच हिंदी धर्मगुरू.

राजीनामा देऊन मोकळे व्हावे, एवढे ते सोपे नव्हते. करार कायम होता. इंग्रज उठला की पाळी पोर्तुगीजाची, म्हणजे देश स्वतंत्र होत असताना मुंबईच्या गादीवर पुन्हा परकाच आला असता. म्हणून त्यांनी वेगळी वाट धरली. १९४६ साली ग्रेशस सहायक बिशप झाले. त्यांच्या हाती कारभार सोपवून रॉबर्ट्स मुंबई सोडून गेले. नावाला आर्चबिशप तेच, त्यामुळे गादी रिकामी झाली नाही आणि कराराची पाळीही आली नाही. काम मात्र हिंदी बिशप करू लागला. मेंढपाळ कळप सोडून गेला असे त्या वेळी कोणाला वाटले असेल तर नवल नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ते तसेच दिसणार. आपण चार वर्षे अधांतरी राहणार, हा धोका त्यांनी पत्करला होता.

जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला. डिसेंबरमध्ये रॉबर्ट्स यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि ग्रेशस मुंबईचे पहिले हिंदी आर्चबिशप झाले. १९५३ साली ते भारताचे पहिले कार्डिनल झाले, हे आपण सर्व जाणतोच.

आणि रॉबर्ट्स? त्यांना क्रिमियातल्या सुग्दाया या प्राचीन धर्मप्रांताचे नाव मिळाले. तिथे ना चर्च, ना प्रजा. वय सत्तावन्न. पुढची वर्षे त्यांनी लिहिण्यात, बोलण्यात घालवली. अधिकाराचा वापर आणि गैरवापर यांवर १९५४ साली त्यांनी पुस्तक लिहिले. अण्वस्त्रांविरुद्ध ते बोलत राहिले. रोमला त्यांच्याविरुद्ध तक्रारी गेल्या. संततिनियमनाबाबत त्यांनी १९६४ साली जे मत मांडले ते ख्रिस्तसभेने मान्य केले नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत, सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात शस्त्र उचलायला नकार देणाऱ्यांची बाजू त्यांना मांडायची होती. सभागृहात त्यांना ती संधी मिळाली नाही. १९६५च्या परिषदेच्या दस्तऐवजात मात्र अशा माणसांना कायद्याने माणुसकीची वागणूक द्यावी, असे आले.

२८ फेब्रुवारी १९७६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ग्रेशस तेव्हा मुंबईच्या गादीवरच होते. ते १९७८ साली गेले. रंग वाळल्यावर दोन्ही तसबिरी पुन्हा भिंतीवर चढल्या आहेत, शेजारी शेजारी.