हकलबेरीचे जनक मार्क ट्वेन

मार्क ट्वेन, मूळ नांव सॅम्युएल क्लेमेन्स (१८३५–१९१०), यांचें बाळपण अमेरिकेंत मिसिसिपी नदीकांठच्या हॅनिबल गांवीं गेलें. गुलाम बाळगणें धर्मास सोडून नाहीं, असें तेथील वडीलधारी मंडळी व उपदेशकही शिकवीत. १८४७ सालीं वडील वारले; पुढें छापखान्यांत खिळे जुळविणें, मग आगबोटीचें सुकाणू धरणें, असे उद्योग त्यांनीं केले.

ती जुनी शिकवण त्यांनीं १८८४ सालच्या कादंबरींत एका पोरापुढें उभी केली. हकलबेरी फिन तेरा-चौदा वर्षांचा, अनवाणी, शाळाचुकार. आमच्या वर्गांत असता तर आम्हीं त्यास बांकावरच उभें केलें असतें! पळालेल्या जिम गुलामाचा ठावठिकाणा मालकिणीस कळविणें हेंच पुण्य, असें त्यास सर्वांनीं शिकविलेलें. तो पत्र लिहितो. मग नदीवरील प्रवासांत जिमनें लावलेला जीव त्यास आठवतो. आणि आपण नरकांत जाणार अशी खात्री असूनही तो तें फाडून टाकतो. १८८५ सालीं कॉन्कर्ड येथील ग्रंथालयानें हें पुस्तक वर्ज्य ठरविलें.

१८९६ सालीं व्याख्यानें देत ट्वेन मुंबईस आले. तेथील होटेलांत एका युरोपियनानें हिंदी नोकरास थप्पड मारलेली त्यांनीं पाहिली. नोकरानें ती मुकाट्यानें सोसली. त्या क्षणीं त्यांस पन्नास वर्षांमागील हॅनिबल आठवलें, आणि घरच्या गुलाम पोरास मारणारे आपले वडीलही.